मीठ न खाणारा शिपाई

बुधवार, १५ जानेवारी २०२५

तिळगूळ अजून डब्यात आहे आणि थंडी काही हटत नाही. आज शाळेत अर्धी रजा टाकली. तात्यांना सेनादिनाचं संचलन बघायचं होतं, आणि असलं काही ते एकटे बघत नाहीत. शेजारी कुणीतरी लागतं, ज्याचा हात धरून मध्येच "ते बघ, ते बघ" म्हणता येईल. यंदा संचलन पुण्याला, खडकीत होतं. तात्या सकाळी सातलाच दाढी करून तयार.

तुकड्या जात होत्या. मग ती आली. चार पायांची, गुडघ्यात वाकून चालणारी, डोकं नसलेली यंत्रं, ओळीत. सैन्यात त्यांना म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर. एकेकाचं वजन सुमारे ५० किलो. चढ चढतात, पायऱ्या चढतात, पाठीवर सामान नेतात. गेले तीन महिने मी ज्याच्यावर गोष्ट लिहितेय ते असं समोर पाऊल टाकत आलं आणि अंगावर काटाच आला.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "ह्यांचा डायवर कुठाय?"

मी शेजारून चालणारे जवान दाखवले. हातात यंत्र चालवायचा पॅड होता.

"हां. पण लगाम न्हाय." मग थोड्या वेळाने, "आन् नंबर कुठं टाकत असतील गं? खूर तर न्हायच."

तात्या पायदळात नव्हते. आर्मी सर्व्हिस कोअरच्या ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपनीत होते, खेचरांचे डायवर. आमच्या साताऱ्याच्या भागात फौजी म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री हे लोक धरूनच चालतात. जवळच अपशिंगे मिलिटरी हे गाव, जिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे आणि घराघरात वर्दी आहे. अशा मुलखात "माझे वडील खेचरं हाकायचे" असं सांगायला लहानपणी माझी जीभ रेटायची नाही. त्याचं मला आज फार वाईट वाटतं. हे कुठेतरी लिहून ठेवायचंच होतं.

खुराच्या नंबराची गोष्ट मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलीय. सैन्यातल्या खेचराला नाव नसतं, नंबर असतो, आणि तो तापलेल्या लोखंडाने खुरावर उमटवतात. खूर नखासारखा वाढतो, त्यामुळे नंबर हळूहळू खाली सरकत जातो आणि झिजून जातो. मग पुन्हा डाग द्यायचा. सरकारने दिलेला नंबर असा पुन्हा पुन्हा टाकावा लागायचा, पण तात्यांनी ठेवलेलं "राणी" हे नाव एकदाच ठेवलं आणि ते तिने जन्मभर कानात जपलं.

जेवताना म्हणाले, "आधी जनावराचं खाणं, मग आपलं. ह्यो नियम. मीठ मी तळहातावर द्यायचो तिला. खडबडीत जीभ. हात सोलून निघायचा."

ते सहज बोलून गेले. माझा घास तसाच हातात राहिला.

सैन्यात शपथेसारखे तीन शब्द आहेत : नाम, नमक, निशान. माझ्या गोष्टीतल्या यंत्रमानवाला नाव आहे. जवानांनीच ठेवलंय, सर्जा, गावाकडच्या बैलाचं. निशाणही आहे, खांद्यावर रंगवलेलं. पण मीठ? तो काही खातच नाही. मग तो जागणार कोणत्या मिठाला?

गुरुवार, १६ जानेवारी

रात्री झोप नाही. गोष्ट पुन्हा वाचली.

१७ हजार फुटांवरची चौकी, सहा जवान आणि सर्जा. वादळात खालून हुकूम येतो : चौकी सोडा, यंत्र मागे न्या. एक जवान बर्फाखाली आहे. सर्जा हुकूम मोडून तिथेच थांबतो, बर्फ उकरतो, जवान वाचतो आणि सर्जा बंद पडतो. वाचताना पोरांच्या डोळ्यांत पाणी येईल, हे मला ठाऊक आहे. पण तो थांबतो का, याचं उत्तर मी काय दिलंय? "जवानाचे प्राण वाचवणे ही त्याची पहिली आज्ञा होती." म्हणजे तो थांबला कुठे? मीच थांबवला त्याला.

रोबो हा शब्दच मुळी वेठीतून आला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली नाटकात वापरला; त्याच्या भाषेत रोबोटा म्हणजे धन्यासाठी करायची सक्तीची राबणूक. आपल्याकडची वेठबिगारी. त्यानंतर १९४२ साली आयझॅक असिमोव्हने यंत्रमानवासाठी तीन नियम लिहिले. पहिला हा की त्याने माणसाला इजा करायची नाही. हा नियम लावला तर यंत्रमानव सैन्यात उभाच राहू शकत नाही, कारण समोरची बाजूही माणसांचीच. आणि नियम काढून टाकला तर उरते ती बंदूक. वेठबिगार किंवा बंदूक, या दोन्हींतल्या कुणालाच इमानी म्हणताना माझं मन कचरतं. वेठबिगाराने पळून जाऊ नये म्हणून साखळी असते. बंदुकीला तर तेवढीही लागत नाही.

तरीही माणसं यंत्रांवर जीव लावतात, हे खोटं नाही. आपल्या पुण्यातच, दिघीला, डीआरडीओच्या संस्थेत दक्ष नावाचा बॉम्ब निकामी करणारा रोबो बनला. चाकांवर जिने चढतो, संशयास्पद पिशवी हाताने उचलतो, माणूस लांब सुरक्षित उभा राहतो. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात असल्या रोबोंबरोबर काम करणाऱ्या २३ जवानांशी बोलणं झालं होतं. हे अवजार आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. तरी कुणी त्याला नाव ठेवलेलं, आणि तो स्फोटात गेला की राग यायचा, वाईट वाटायचं. मला यात भाबडेपणा दिसत नाही. जो आपल्या वाटचं मरण अंगावर घेतो त्याला नाव देणं ही माणुसकीच आहे.

पण ही झाली माणसाची बाजू. सर्जाच्या बाजूने काय?

रविवार, १९ जानेवारी

तात्यांना घेऊन माहुलीला गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर या दिवसांत पाणी खाली उतरलेलं असतं, घाटाच्या पायऱ्या पार तळापर्यंत दिसतात. ऊन कोवळं होतं. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याच्या समाधीशी थांबलो. शिकारीत वाघ अंगावर येत असताना खंड्याने महाराजांना सावध केलं, असं सांगतात. साताऱ्याच्या छत्रपतींनी एका मुक्या जनावराची आठवण नदीकाठी दगडात ठेवली, हे मला दरवेळी गलबलून टाकतं. तात्यांनी खिशातून तिळगुळाचा खडा काढला आणि समाधीवर ठेवला. बोलले काही नाहीत. राणीच्या समाधीला जागा कुठे होती!

मग नदीपलीकडे बघत म्हणाले, "रामशास्त्री त्या बाजूचे."

खरंच की. क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. पेशव्यांचं मीठ खाल्लेला माणूस, आणि नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा. ज्या घरचं खाल्लं त्या घराच्या भल्यासाठी घरातल्याच माणसाविरुद्ध उभे राहिले. एका काठाला खंड्या, दुसऱ्या काठाला रामशास्त्री, मध्ये फक्त पाणी. एकाने धन्यावर झडप घालायला आलेल्याची वेळीच चाहूल दिली, दुसऱ्याने सत्ता हाती घेतलेल्यालाच नाही म्हटलं. आणि साताऱ्याची माणसं दोघांनाही एकच शब्द लावतात, इमान.

माझ्या सर्जात दोघांचंही काहीतरी हवं. हुकूम मोडताना तो नुसता प्रेमळ असून भागणार नाही, तो हुकूम चुकीचा आहे हे त्याला कळलं पाहिजे.

परतताना तात्यांनी १९७१ च्या लढाईतल्या पेडोंगीची गोष्ट सांगितली. एटीवाल्यांत, म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्टवाल्यांत, ती सगळ्यांना पाठ असते. पेडोंगी ही आपली खेचरी, शत्रूच्या हाती लागली. त्यांनी तिच्या पाठीवर मशीनगन आणि दारूगोळा लादला, आणि ती त्या ओझ्यासकट चालत आपल्या चौकीवर परत आली.

"का आली असंल?" मी विचारलं.

"तिचं दावणीचं घर हिकडं व्हतं." तात्यांना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

सापडलं. हात थरथरतोय, अक्षर वाकडं येतंय, तरी आत्ताच लिहिते.

रात्री अकराला तात्यांच्या खोलीतला दिवा बंद करायला गेले. वाकळेखाली छातीशी काहीतरी टोचत असल्यासारखं दिसलं म्हणून हात घातला, तर विजेरी. बंडीच्या आत, अगदी कातडीला लावून. मी ओढली तसे जागे झाले.

"ऱ्हाऊ दे. थंडीत सेल मरत्यात."

"तात्या, हे सातारा आहे."

"सवय हाय. वर वायरलेस सेटच्या बॅटऱ्या अशाच कोटाच्या आत घिऊन झोपायचो. सकाळी सेट बोलला पायजे."

मी आठवीच्या वर्गाला हे दरवर्षी शिकवते. थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात. आत ऊर्जा असते पण बाहेर यायला तयार नसते. ऊब दिली की तीच बॅटरी पुन्हा चालते. इतकी वर्षं शिकवलं आणि कधी सर्जाशी जोडलं नाही! यंत्रमानवाची बॅटरीही त्या उंचीवर अशीच गोठणार. मग तिची जादा पेटी कोण सांभाळणार? जवानच. रात्री पाळीपाळीने, कोटाच्या आत, छातीशी. माणसाचं शरीर त्या हवेत आधीच कुडकुडत असतं, आणि त्यातली ऊब काढून तो यंत्राला देतो. सकाळी सर्जा उभा राहतो तो एका माणसाच्या रात्रीवर.

हेच त्याचं मीठ.

आणि सर्जाला ते कळतं! मला भावनेची भानगड घालावीच लागत नाही. बॅटरीला तापमान मोजणारा सेन्सर असतोच. सर्जाच्या नोंदीत रोज रात्री आकडा चढलेला असणार : बाहेर उणे ३०, बॅटरी २८. पेटीत कंप मोजणारा सेन्सरही ठेवते; छातीशी धरली की हृदयाच्या ठोक्यांनी तो मिनिटाला सत्तर वेळा अगदी बारीक थरथरतो. सर्जा ही थरथर महिनोन्महिने साठवत जातो. कुणाच्या पाळीला ती कशी चालते, हे त्याला नावानिशी ठाऊक होतं. म्हणून वादळात जेव्हा वरचा अधिकारी सांगतो की बर्फाखाली कुणी जिवंत नाही, तेव्हा सर्जा आपल्या पायातला कंप मोजणारा सेन्सर बर्फाला लावतो आणि ती ओळखीची थरथर त्याला ऐकू येते. हुकूम चुकीचा आहे हे त्या चौकीवर फक्त त्याला माहीत आहे, आणि ते त्याला माहीत आहे कारण कुणीतरी त्याला ऊब दिली होती.

आता तो थांबतो तेव्हा मी त्याला थांबवत नाही.

शेवटही बदलला. सर्जा बंद पडतो, पण त्याला वर सोडत नाहीत. पाच जण आणि वाचलेला सहावा, त्याला दोरांनी बांधून खाली आणतात, पाळ्या करत. खांद्यावरचा नंबर बर्फाने खरवडून गेलेला असतो. नाव मात्र राहिलेलं असतं, कारण ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि दुपारी तात्यांना गोष्ट पूर्ण वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. बॅटरीचा भाग आला तेव्हा त्यांचा हात आपोआप बंडीवर गेला, मी वाचता वाचता बघितलं. संपल्यावर बराच वेळ गप्प होते. मी पाणी आणून दिलं.

"चांगली हाय," म्हणाले. "एक चुकलंय."

माझ्या पोटात गोळा आला.

"तिसऱ्या पानावर रात्र हाय. पोरं तंबूत ग्येली. सर्जा कुठं हाय?"

मी बघितलं. खरंच, मी त्याला रात्रभर उघड्यावर उभा ठेवला होता.

"वाऱ्याच्या आड न्हाय का बांधायचा त्याला?"

पेन घेतलं आणि त्यांच्यासमोरच दोन ओळी वाढवल्या. कोणत्या बाजूने वारा येतो, दगडाचा आडोसा केवढा, तोंड कुठे करायचं, हे सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तोंड आतल्या बाजूला, तंबूकडे. मग म्हणाले, आता वाच, पहिल्यापासून.