अर्धं शटर

परवा दुपारी बॉबिन संपली. शिवणाऱ्यांना हे सांगायला नको. वरचा दोरा पळत असतो, सुई खालीवर होत असते, मशीनचा आवाजही तोच असतो, आणि आपण तंद्रीत वीतभर पुढे गेलेलो असतो. कापड उचलल्यावर कळतं की टीप पडलेलीच नाही, नुसती भोकं.

पाय काढला आणि तशीच बसून राहिले. बॉबिन भरायचा कंटाळा आला होता. वर पत्रे उन्हानं टणटण वाजत होते. शटर मी गुडघ्याएवढंच वर ठेवते. त्याच्यावर उचललं तर येणारा-जाणारा वाकून विचारतो, "काय शिवायलाव, ताई?" आणि मला शिवताना कुणी बघितलेलं अजिबात खपत नाही. शिवण वाकडी जाते. त्यामुळे मला दिसते ती फक्त पायांची गल्ली. टाचा घासत जाणाऱ्या निळ्या स्लिपरा म्हणजे भाजीवाला. एक बूट चकचकीत आणि एक मळका म्हणजे शिकवणीचं पोरगं, एकच पुसून निघतं ते. समोरच्या काकूंच्या साडीचा फॉल उजवीकडे चार बोटं उसवलाय. तीन महिने झाले, मी तो बघतेय. सांगावं तर आपण लोकांचे पाय बघत बसतो हे कळणार, न सांगावं तर हात शिवशिवतात.

गेल्या वर्षापर्यंत ही खोली गॅरेज होती. गॅरेज म्हणजे घराच्या अंगाला टेकवलेली सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची शेड. खाली शहाबादी फरशी, पुढे शटर आणि मधोमध आमची मारुती ८००, २००५ चं मॉडेल. ही गाडी लग्नकार्याला जाते. गंजगोलाईत, लातूरच्या भर बाजारात, ती नेत नाहीत, कारण तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि ह्यांच्या मते सोळाही बाजूंनी माणसं आपल्याच गाडीवर येतात. बाकी दर रविवारी सकाळी दहा मिनिटं ती जागच्या जागी चालू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून. तेवढा वेळ हे आत बसून पेपर वाचतात. रोजच्या कामाला स्कूटी आहेच.

माझी मशीन तेव्हा आतल्या खोलीत, कपाट आणि पलंगाच्या बेचक्यात होती. कापड पसरायचं पलंगावर, कापायचं जमिनीवर, आणि कुणी आलं की सगळं गोळा करून पलंगाखाली. मी एकदा सहज म्हणाले, "गाडी बाहेर लावली तर?"

"बाहेर कुठं? डोक्यावर?"

"लिंबाखाली."

"लिंबावर कावळे आहेत."

मग दुसऱ्या दिवशी, आपणहून, "आणि ड्रम कुठं ठेवायलीस?"

लातूरच्या माणसाला ह्यावर उत्तर नसतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, पुढे पुढे २५ लाख. त्या साली घेतलेले निळे ड्रम आम्ही गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवले होते. नंतर चांगले पाऊस झाले, पण ड्रम हलले नाहीत. पाणी परत आटणार नाही असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार? ह्यांनी नाही म्हटलं नाही, हो तर नाहीच. "बघू" म्हणाले. आमच्याकडचं "बघू" दोन वर्षं सहज चालतं, पावसावर असल्यासारखं.

मला खोली कशाला पाहिजे होती, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. मी काही दुकान टाकणार नव्हते. ब्लाऊज, उशांचे अभ्रे, भाचवंडांचे फ्रॉक, जुन्या साड्यांच्या वाकळी, एवढीच माझी दौलत.

आईची हातमशीन होती. सिंगरची, काळी, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आजोबांनी निजामाच्या राज्यात हाली रुपयांत घेतलेली. अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात उजेड होता तो ढेळजेत, दारालगतच्या ओसरीत, म्हणून दुपारची जेवणं झाली की आई ढेळजेत सतरंजी टाकून, भिंतीकडे तोंड करून शिवायला बसायची. दांडा फिरवायला मी. तिला दोन्ही हात कापडाला मोकळे मिळायचे. दांड्याच्या एका फेऱ्याला सुई तीनदा खालीवर व्हायची, आणि मला ते तीन ठोके मोजायचा नाद होता. आई माझ्याकडे बघायची नाही, कापडाकडे बघत बोलायची. "चल. चल. हळू. आता थांब." थांब म्हटल्यावर एक ठोका जरी जास्त पडला तरी कोपरा हुकायचा. मग ती रागवायची नाही, फक्त उसवायला घ्यायची, आणि तो उसवण्याचा आवाज मला रागावण्यापेक्षा वाईट वाटायचा. हातशिलाईच्या सुईचं नेढं बुडाशी आणि मशीनच्या सुईचं टोकाशी का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तिला घाई असते." मोठेपणी वाचलं, की टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या मशीनचं पेटंट अमेरिकेतल्या एलियास हाऊनं १८४६ साली घेतलं आणि त्यावरून पुढे सिंगरशी त्याची कोर्टबाजी झाली. आईचं उत्तर मला अजूनही जास्त पटतं.

सहा वाजता ढेळजेत वडिलांची बैठक भरायची. साडेपाचला आतून आवाज यायचा, "आटपा, माणसं येतील." की आई दोरा तोडायची. शिवण कुठं का असेना. मशीनवर लाकडी झाकण बसायचं, खटकन. मशीन आत, चिंध्या गाठोड्यात, सतरंजी झटकून गडीमाणसासारखी कोपऱ्यात उभी. सहाला तिथं पानाचा डबा, तक्क्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी. दुपारभर इथं कुणी शिवत होतं ह्याची खूण म्हणजे फरशीच्या फटीत अडकलेली एखादी टाचणी. ती कुणाला टोचली तर पुन्हा आईच्याच नावानं.

तर "बघू" चाललं होतं. शेवटी मीच म्हणाले, कावळ्यांचाच प्रश्न आहे ना, गाडीला कव्हर शिवून देते. विकत मिळतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण शिवून म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली.

एका सकाळी आम्ही गाडीचं माप घेतलं. माझा टेप ६० इंची, त्यामुळे रुंदी एका दमात मावली, ५७ इंच. लांबीला टेलरचा खडू घेऊन बॉनेटवर आणि टपावर खुणा करत जावं लागलं. १३१ भरली. खुणा करताना हे इतके कळवळले की जणू तिला टोचतंय. उंची ५५. मी वहीत लिहीत होते आणि हे टेपचं दुसरं टोक धरून उभे होते, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बाप उभा राहतो तसे. मग खाकरून म्हणाले, "आरशांना वेगळे खिसे ठेव. दाबू नको त्यांना."

तो होकार होता. तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं.

कापड लाईनीत जाऊन मी खाकी जाडं कापड आणलं. १८ नंबरची सुई लावली, दोन मोडल्या. आरशांचे खिसे बाहीसारखे काढले, कारण मला दुसरं काही येत नाही. गाडी आता लिंबाखाली ब्लाऊज घालून उभी असते. कावळ्यांनी पहिल्याच दिवशी तिचं उद्घाटन केलं.

गाडी बाहेर काढल्यावर ड्रम हलवायला घेतले. ते गच्चीवर गेले, रिकामेच. भिंत मोकळी झाली तेव्हा वरच्या लोखंडी पाईपला दोन हूक दिसले. गंजलेले, घट्ट. रंगाऱ्याला म्हटलं, काढून टाक. मागून हे म्हणाले, "राहू दे ते."

लग्न होऊन आले तेव्हा हे घर दोन वर्षं आधीचा भूकंप सोसून उभं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून माणसं झोपलेली, पहाटेचे चार वाजायला आलेले. किल्लारीकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, गावंच्या गावं निजल्या जागी गाडली गेली. इथं आमच्या भिंतींना नुसत्या चिरा गेल्या. पण भिंतीत झोपायची कुणाची छाती होईना. सासऱ्यांनी शेडमधली लुना बाहेर काढली आणि दिवाळीपर्यंत सगळं घर ह्या पत्र्याखाली झोपलं. पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचतो, असा हिशोब. नणंद बाळंतपणाला आलेली होती, तिच्या लेकराची झोळी ह्या दोन हुकांना. जमीन हलली की झोळी आपोआप हलायची आणि सासूबाई म्हणायच्या, बघा, हिला हलवायला कुणी लागत नाही. हसायचं का रडायचं कळत नसे म्हणे.

हे मला त्यांनी त्या दिवशी, रंगाच्या डब्यावर बसून सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. "एक जागा पाहिजे घराला," म्हणाले, "झटकन रिकामी होणारी."

मी काही बोलले नाही. मला नेमकी उलटी पाहिजे होती.

बाकी खोली व्हायला वेळ लागला नाही. पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग मारला, आतून थर्माकोल, तरी मे महिन्यात दुपारी बारा ते चार इथं कूलरसुद्धा हात टेकतो. गाडीच्या तेलाचा डाग भुसा, सोडा, सगळं करूनही फरशीवरून गेला नाही. पांढरं कापड अगदी त्याच जागी पडतं. हुकांना मी शिवायचे कपडे अडकवते.

आता मात्र एक कबूल करायला पाहिजे. आईचं रोजचं काम रोज संपायचं. सहाची बैठक होती ना. मला इथं कुणी आटप म्हणत नाही. कापलेलं कापड टेबलावर आठवडाभर पडलं तरी कुणाचं काही जात नाही. त्यामुळे ते आठवडाभर पडतं. भाचीच्या लग्नासाठी कापलेला ब्लाऊज अजून सुईखाली आहे, एक बाही लागलीय, दुसरी लागायचीय. लग्न होऊन ती पहिल्या दिवाळसणाला येऊन गेली.

परवा तीच दुसरी बाही लावत होते, आणि बॉबिन संपली.

सहाच्या सुमाराला शटरखाली ओळखीच्या चपला येऊन थांबल्या. हे वाकून आत बघत होते. टेबल, फरशी, हुकाला लटकलेले दोन परकर, दोऱ्याचे तुकडे.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"नाही गं. चहा करू का, म्हणायलो."

"करा," म्हटलं, आणि बॉबिन शोधायला लागले. सापडली नाही. मग शटर ओढून घेतलं, आतलं सगळं तसंच ठेवून.