मास्टर्स २०२५: ऑगस्टामध्ये कुणावर पैसे लावावेत, कुणाला फक्त बघावं

गुरुवारी, १० एप्रिल २०२५ ला, ऑगस्टा नॅशनलवर गोल्फची मास्टर्स स्पर्धा सुरू होतेय आणि आमच्या घरातला वाद रविवारपासूनच सुरू आहे. माझे दीर म्हणतात, "वहिनी, यंदा रोरी मॅकिलरॉयच. लिहून ठेवा." मी म्हणते, "भावोजी, रोरी जिंकूही शकतो. पण एवढ्या कमी भावात, म्हणजे जिंकला तरी हाती थोडंच येणार असेल तर, तो मला नको." माझं हे म्हणणं इथे सविस्तर मांडते. आमच्या एडिसनच्या (न्यू जर्सी) मंडळींनी ते वाचूनच आपल्या पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मिळून पैजेत, नावं टाकावीत, ही विनंती.

आधी एक खुलासा. न्यू जर्सीत २०१८ पासून खेळांवर कायदेशीर पैज लावता येते, म्हणून मी लावते. स्पर्धा जिथे होते त्या जॉर्जिया राज्यात मात्र अजून तशी परवानगी नाही. भारतातून वाचणाऱ्यांनी मित्रांमध्ये नुसत्या गुणांची फँटसी (खेळाडूंची टीम निवडून तिच्या गुणांवर) खेळावी, पैशांच्या भानगडीत पडू नये. तेवढ्यातही चार दिवस झोप उडते.

चार मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या, स्पर्धांपैकी दरवर्षी त्याच मैदानावर होणारी ही एकच. त्यामुळे इथला जुना खेळ मी ताज्या फॉर्मइतकाच, कधीकधी जास्तच, मोलाचा धरते. ७,५५५ यार्ड, पार (म्हणजे अपेक्षित फटके) ७२. टीव्हीवर हिरवळ सपाट दिसते, पण चेंडू क्वचितच पायांच्या पातळीत असतो. दहावा होल, म्हणजे मैदानाचा दहावा टप्पा, तर सरळ उतारावरच आहे. ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू कुठे थांबवायचा यापेक्षा तो कुठे अजिबात जाऊ द्यायचा नाही, हे माहीत असणं महत्त्वाचं, आणि ते एका वर्षात कळत नाही. १९७९ मध्ये फझी झोलर पहिल्याच खेपेला जिंकला. त्यानंतर पदार्पणात कुणीही जिंकलेलं नाही.

म्हणून मॅव्हरिक मॅकनीली किंवा थॉमस डेट्री, हे दोघं कितीही छान खेळत असले तरी, विजेता म्हणून माझ्या यादीत नाहीत. पण इथे एक फरक लक्षात ठेवा. पदार्पणात दुसरा येणं अगदी शक्य आहे: २०२० मध्ये सुंगजे इम, २०२१ मध्ये विल झलाटोरिस, गेल्या वर्षी लुडविग ओबेर्ग. म्हणजे फँटसीसाठी नवखा चालतो, विजेत्याच्या पैजेसाठी नाही. आणि मला खरा रस आहे तो दुसऱ्यांदा येणाऱ्यात. चार्ल श्वार्टझेल २०११ मध्ये, जॉर्डन स्पीथ २०१५ मध्ये, डॅनी विलेट २०१६ मध्ये, तिघेही आपल्या दुसऱ्याच मास्टर्समध्ये जिंकले. स्पीथ तर आदल्या वर्षी पदार्पणात दुसरा आला होता, अगदी ओबेर्गसारखा.

गेल्या वर्षीचा रविवार आठवा. ओबेर्गने अकराव्यावर चेंडू पाण्यात घालवला, डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त. मोरिकावाने नवव्यावर आणि अकराव्यावर, दोन डबल. मॅक्स होमाचा चेंडू बाराव्यावर झुडपात गेला, तोही डबल. शेफलर मात्र शांतपणे पुढे निघून गेला. बारावा होल फक्त १५५ यार्डांचा, या मैदानावरचा सगळ्यात छोटा. समोर रेज क्रीकचं पाणी, मागे वाळूचे बंकर आणि झाडी, वर गोल फिरणारा वारा. २०१६ मध्ये याच होलवर स्पीथने सात फटके खाल्ले. २०१९ मध्ये मोलिनारी, केपका, पोल्टर, फिनाऊ सगळे पाण्यात गेले आणि टायगर वुड्सने सरळ ग्रीनच्या मध्यावर चेंडू टाकला. तो मोह टाळणाराच इथे टिकतो. (टायगर यंदा नाही. मार्चमध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली. त्याच्याशिवायचा एप्रिल मला सुना वाटतो.)

आता फेव्हरिट. सगळ्यात कमी भाव स्कॉटी शेफलरचा, त्याच्यामागे मॅकिलरॉय. शेफलर २०२२ आणि २०२४ चा विजेता. नाताळात स्वयंपाक करताना काच लागून हात कापला, शस्त्रक्रिया झाली, आणि यंदा अजून एकही स्पर्धा जिंकलेला नाही. ह्यूस्टनला दुसऱ्या क्रमांकाची बरोबरी साधली, म्हणजे गाडी रुळावर येतेय. पण लागोपाठ दोन वर्षं मास्टर्स जिंकणारे आजवर फक्त तिघे: निकलाउस, फाल्डो, वुड्स. मॅकिलरॉय यंदा पेबल बीच आणि प्लेअर्स या स्पर्धा जिंकून आलाय, खेळ सुरेख आहे. मात्र त्याचा शेवटचा मेजर २०१४ चा. २०११ मध्ये इथेच चार फटक्यांची आघाडी घेऊन रविवारी उतरला आणि ८० खेळला. करिअर ग्रँड स्लॅमला (चारही मेजर जिंकायला) हीच एक स्पर्धा उरलीय, आणि त्या ओझ्याची किंमत भावात कुठेच दिसत नाही. माझी भीती आहे ती एवढीच.

भाव कसा वाचायचा तेही सांगते. मी दिवसभर विमा कंपनीत शक्यतांचीच आकडेमोड करते, त्यामुळे ही सवय सुटत नाही. दशांशात १५ चा भाव म्हणजे जिंकायची शक्यता साधारण ६.७ टक्के. सगळ्या खेळाडूंच्या अशा टक्क्यांची बेरीज केलीत तर ती शंभराच्या बरीच वर जाते. तो वरचा भाग बुकीचा. विजेत्याच्या बाजारात तो भाग सगळ्यात जाड असतो, म्हणून मी तिथे थोडे पैसे लावते आणि पहिल्या वीसमध्ये कोण येणार किंवा दोघांपैकी कोण पुढे राहणार, यावर जास्त.

पहिल्या वीसच्या पैजेत बरोबरीचा नियम नीट वाचा. समजा पाच जण अठराव्या क्रमांकावर बरोबरीत आले. जागा उरल्या तीन. मग तुमच्या पैजेचा तीन पंचमांश भाग जिंकतो, बाकी बुडतो. १० डॉलर ३ च्या भावाने लावले असतील तर हातात ३० ऐवजी १८ येतात. गोल्फमध्ये विसाव्या जागेच्या आसपास बरोबरी नेहमीचीच, तेव्हा भाव बघताना हे मनात धरूनच बघा.

फँटसीचं गणित वेगळं. नेहमीच्या स्पर्धेत खेळाडू बरेच जास्त असतात. इथे पंचाण्णवच्या आसपास, आणि कट (दोन दिवसांनंतर पुढे कोण खेळणार ती मर्यादा) पहिले पन्नास अधिक बरोबरीवाले. त्यातून हौशी खेळाडू आणि जुने विजेते वजा करा. बर्नहार्ड लँगर ६७ व्या वर्षी आपली शेवटची मास्टर्स खेळतोय. शुक्रवारी मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवणार आहे, टीममध्ये घेणार नाही. उरलेल्यांपैकी बहुतेक जण कट पार करतात. म्हणजे तुमच्या टीममधले सहाच्या सहा शनिवारी खेळत असले पाहिजेत, पाच पुरत नाहीत. प्रत्येकाची शक्यता ८० टक्के धरली तरी सहाही जणांनी कट ओलांडण्याची शक्यता २६ टक्केच. म्हणून मी टीममध्ये बेभरवशाचं नाव घेत नाही. जॉर्डन स्पीथ माझा फार आवडता, पण २०२२ आणि २०२४ मध्ये इथे त्याचा कट चुकला. यंदा नाही.

ड्राफ्टकिंग्ज या फँटसी ॲपवर ५०,००० च्या काल्पनिक रकमेत सहा जण बसवायचे. बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी) ३ गुण, ईगलला (दोन कमी) ८, पारला अर्धा, बोगीला (एक जास्त) उणे अर्धा. म्हणजे एक बर्डी आणि एक बोगी केली तर अडीच गुण, दोन पार केले तर एक. म्हणून दुसरा, आठवा, तेरावा आणि पंधरावा या चार पार-५ वर दोन फटक्यांत ग्रीन गाठणारे हवेत, आणि त्यासाठी लांब आयर्न (लोखंडी काठीचे लांबचे फटके) चांगलं लागतं.

माझी नावं अशी. सगळी एका टीममध्ये बसणार नाहीत, खिशाप्रमाणे निवडा. कॉलिन मोरिकावा पहिला: २०२२ पासून तिन्ही वर्षं पहिल्या दहात, यंदा सेन्ट्री आणि अर्नोल्ड पामर या दोन्ही स्पर्धांत दुसरा. आयर्न त्याच्याइतकं नेमकं कुणाचं नाही. विजेत्याची माझी पैज त्याच्यावर आणि ओबेर्गवर. मार्चमध्ये ओबेर्गचा खेळ घसरला, त्यामुळे त्याचा भाव थोडा सैल मिळतोय, ते मला चालतं. हिडेकी मात्सुयामा इथला २०२१ चा विजेता आणि जानेवारीत ३५ अंडर (पारपेक्षा ३५ फटके कमी) खेळून विक्रम करणारा. कोरी कॉनर्स २०२० ते २०२२ सलग पहिल्या दहात होता, स्वस्तात मिळतो, पहिल्या वीससाठी तो माझा सगळ्यात भरवशाचा. टॉमी फ्लीटवुडने २०१८ पासून इथे एकदाही कट चुकवलेला नाही.

सहावा अक्षय भाटिया, आणि इथे लोक मला म्हणतील की आपलं नाव बघून घेतलाय. तसं नाही. गेल्या वर्षी टेक्सास ओपन जिंकून आयत्या वेळी तो इथे आला, म्हणजे हीच त्याची दुसरी खेप. प्लेअर्सला तिसऱ्या क्रमांकाची बरोबरी होती. शिवाय डावखुरा. २००३ ते २०१४ या बारा वर्षांत सहा मास्टर्स डावखुऱ्यांनी जिंकल्या: माइक वीअर, तीनदा मिकलसन, दोनदा बबा वॉटसन. उजव्या हाताच्या खेळाडूला जिथे चेंडू डावीकडे वळवावा लागतो, तिथे डावखुऱ्यांचा फेड (हलकेच वळणारा फटका) आपोआप तसा वळतो. जीव मिल्खा सिंग २००७ मध्ये इथे खेळणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासून मी या स्पर्धेत आपलं कुणीतरी शोधत असते हे खरं. पण पैसे लावताना साहित थिगालाला मी बाजूला ठेवलंय: २०२३ मध्ये पदार्पणात नववा आला, सोळाव्यावरची ती चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) विसरता येत नाही, पण यंदा फॉर्म नाही.

आणि बुधवारच्या पार-३ स्पर्धेचा विजेता बघून नाव बदलू नका. १९६० पासून तिथे जिंकलेला एकही जण त्याच वर्षी मास्टर्स जिंकलेला नाही. सोमवारी पावसाने सराव बंद पाडला, तेव्हा ग्रीन सुरुवातीला जरा मऊ असतील, नेमकं आयर्न मारणाऱ्यांना ते सोयीचं. भावोजींनी रोरीवर पन्नास डॉलर लावलेत. पूलची नावं गुरुवारी सकाळी पहिला फटका पडायच्या आत माझ्याकडे पाठवा, नंतर घेतली जाणार नाहीत.