बारागाड्या आणि आमचा आसीरगड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. रात्रीचे पावणेबारा.

दुपारी आमरस-पुरणपोळी, संध्याकाळी गावात बारागाड्या, म्हणजे एकामागोमाग बांधलेल्या बारा गाड्या देवाच्या भगतानं ओढायच्या. आता अंगणात खाट टाकून पडलोय. भिंती अजून तापलेल्याच आहेत. मोबाईलवरच्या आमच्या गोष्टीच्या खेळात आमचा तांडा थाळनेरला तापीच्या काठी उतरलाय आणि दोन तासांपासून कोणी काही लिहिलेलं नाही. पूर्वी एवढ्यानं माझा जीव वरखाली व्हायचा.

2020 च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात अडकलेले असताना आम्ही हे सुरू केलं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमायचं, एकेक सोंग घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट लिहायची. बायको म्हणते, शिकल्यासवरल्या लोकांचा भोवाडा, आपला सोंगांचा खेळ. म्हणू दे, चुकीचं नाही. काळ आम्ही 1600 सालचा घेतला. अकबराच्या फौजा बऱ्हाणपुरात, खानदेशचा फारुकी सुलतान बहादूरशहा जवळच्या आसीरगडावर, खाली वेढा. मी मोगल छावणीतला दाणागोटा बघणारा कारकून झालो. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठींचा हिशेब ठेवतोच, तेच तिथे.

पहिलं वर्ष झकास गेलं. तेवीस जण होते. खरी अडचण तारखेची होती. गड 1601 च्या जानेवारीत पडला, हे सगळ्यांना ठाऊक. गड पडला की खेळ संपणार, या धास्तीनं आम्ही तो पडूच देईना! अकबराला काही महिने पुरले, आम्ही अडीच वर्षं वेढा घालून बसलो. रोज तेच मोर्चे, तीच दाण्याची टंचाई, त्याच शेकोटीभोवती तीच माणसं. एकेक जण गळायला लागला.

मग मी एकटा ओढायला लागलो. गेलेल्यांची सोंगंसुद्धा मीच चालवायचो, एका वेळी सात. माझाच सरदार माझ्याच हेराला दम देतोय, असा प्रकार. जो दोन दिवस दिसला नाही त्याला जाहीर बोलायचो. आणि एक घाण चूक केली. एकाचा तोफखान्यातला गोलंदाज महिनाभर गप्प होता, म्हणून त्याला न विचारता चकमकीत मारून टाकला. तो परत आला तेव्हा कळलं की घरी वडील आजारी होते. तो काही बोलला नाही, नुसता निघून गेला. त्यानंतर चार महिने तिथे एक ओळ पडली नाही.

आज बारागाड्या बघताना हे सगळं आठवलं. लोक म्हणतात, भगत गाड्या ओढतो. कमरेला दोर त्याच्याच असतो आणि नाव त्याचंच होतं. पण लहानपणापासून बघतोय, त्याच्या दोन्ही बाजूंना बगले असतात. ते त्याला धरून पळतात, मागून सारं गाव चाकांना रेटा देतं. बगले नसतील तर भगत तोंडावर आपटेल. मी बगल्यांशिवाय पळत होतो, वर गाड्यांत बसलेल्यांवर ओरडत होतो.

खेळ पुन्हा उभा राहिला तो रावेरच्या केळीवाल्यामुळे. त्याच्या भागात पंपाला लाईट रात्री येते. मळ्यात बसून वाट बघता बघता एकदा रात्री दोन वाजता त्यानं लिहून टाकलं : पहाट झाली, गडाचे दरवाजे उघडले. कोणाला विचारलं नाही, बिचाऱ्यानं सरळ गड पाडला. सकाळी बघतो तर नऊ जण हजर. 'कथा गयथा रे भो?' (कुठे गेला होतास रे भाऊ?) म्हणत एकमेकांची विचारपूस चाललेली. गड पडला आणि खेळ सुटला. अकबरानं शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं दानदेश केलं, त्या एका गोष्टीवर आमच्याकडे तीन आठवडे भांडण चाललं. सुरतेत लूमवर असलेल्या आमच्या अमळनेरकरानं बऱ्हाणपूर-सुरत रस्त्यावर तांडा काढला. आता आम्ही त्याच्याबरोबर चालतोय.

तेव्हापासून सराय आहे. ज्याला वेळ नसेल त्यानं 'घोडा बांधला' एवढंच लिहायचं. त्याचं सोंग सराईत झोपतं, कोणी त्याला हात लावत नाही, कोणी कारण विचारत नाही. कापूस वेचणीत अर्धी सराय भरते. नंदुरबारची सिस्टर नाइट ड्युटीचा आठवडा बांधूनच टाकते. शहाद्याची पोरगी, पुण्यात होस्टेलवर असते, ती परीक्षेला. नव्यांसाठी एक वही केलीये, दोन पानांत आजवरची कथा. पाच वर्षांचं लिखाण कोण वाचणार? वही दर महिन्याला वेगळ्यानं लिहायची. सुरतवाल्यानं लिहिली की गोष्टीचा नायक खेचरंच असतात.

आणि लिहिण्याबद्दल मी एकाच बाबतीत कडक आहे. 'तो हसला आणि झोपला' असं लिहून जाऊ नका. पुढच्याला धरायला दोर ठेवा. कोणी पाणी मागा, कोणाची थैली हरवू द्या, लांब धूळ उडू द्या. दोघंच आपसात चारशे ओळी लिहितात, त्याचंही मला कौतुक नाही. बाकीचे पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहतात.

त्या गोलंदाजाला मागच्या दिवाळीत मी मेसेज केला. माफी मागितली. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. वहीत त्याचं नाव मी मेलेल्यांतून काढून सराईत टाकलंय.

पाऊण वाजला. केळीवाला आलाय : 'नावाडी म्हणाला, पलीकडच्या काठावर कोणीतरी कंदील हलवतंय. लाईट आली, मोटर टाकून येतो.'

माझा कारकून नावेतच आहे. हात शिवशिवतोय, पण थांबलोय. नंदुरबारची काहीतरी टाइप करतेय असं दिसतंय.