आमची चिंगी आणि गॅलरीतला बोका

आमची मांजर चिंगी जेमतेम ६ महिन्यांची झाली आणि एका रात्री जी ओरडायला लागली ना, मला वाटलं पोटात दुखतंय हिच्या. जमिनीवर लोळतेय, मागचा भाग वर करतेय, शेपूट बाजूला, आणि आवाज तर असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी विचारलंच, "काय गं, मांजर आजारी आहे का?" आजारी कसली, माजावर आली होती, म्हणजे तिला बोका हवा होता! काही मांजरी तर चौथ्या महिन्यातच येतात म्हणे, हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

आमचं घर गंगापूर रोडला, पहिला मजला. दुसऱ्याच दिवशी एक थोराड बोका गॅलरीच्या कठड्यावर हजर. मग काय, खिडक्यांना जाळ्या, दार उघडायच्या आधी चिंगी बेडरूममध्ये बंद, आणि आईला शंभरदा बजावलं की दूधवाला आला तरी दार सताड उघडं ठेवू नकोस. कारण मांजरीत बोक्याशी संबंध आल्यावरच स्त्रीबीज सुटतं, म्हणजे एकदा निसटली तरी पुरे, ६३-६५ दिवसांनी घरात पिल्लं.

आणि हे एकदाच होत नाही हो, आठवडाभर चालतं, थांबतं, दोन-तीन आठवड्यांत परत सुरू. गोळ्या देऊन थांबवू का विचारलं तर डॉक्टर नको म्हणाले, गर्भाशयात पू होऊ शकतो. "एकदा पिल्लं होऊ दे बिचारीला" म्हणणाऱ्या मावशीला मी फक्त विचारलं, चार पिल्लं तू नेतेस का तुझ्या सिडकोच्या घरी?

गप्प बसली. शनिवारी चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन आहे.