१७ हजारांच्या सायकलला १४ हजारांचा शॉकअप

पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर जांभ्या दगडाचा उघडा थर आहे. त्यावरून सायकल नेली की पुढचा शॉकअप खरोखर काम करतो की नुसता दिसायला लावलेला आहे, हे दहा मिनिटांत कळते. माझा दुसऱ्या प्रकारातला होता. २०१९ मध्ये मी सतरा हजारांना घेतलेली ही सायकल शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ असा डांबरी रस्ता आणि पुढचा पन्हाळ्याचा चढ निमूटपणे चढत असे. पण पठारावर पोचले की हँडल हातांना उलटे मारू लागे, आणि घरी परतल्यावर चहाचा कप धरतानाही मनगट थरथरत असे.

टायरमधली हवा ४५ वरून ३२ पीएसआयवर आणल्याने थोडा फरक पडला, आणि हा उपाय फुकटचा असल्यामुळे तो आधी करून पाहावा असे मी कोणालाही सांगेन. त्यानंतर जुना शॉकअप उघडला. डाव्या पायात एक लांब स्प्रिंग होती आणि उजव्या पायात काहीही नव्हते. सील फाटून आत गेलेली लाल माती ग्रीसमध्ये मिसळून तिची लापशी झाली होती, आणि २८ मिलिमीटरच्या लोखंडी नळ्यांवर पावसाळ्याचा गंज चढला होता. साफसफाई करून नवे ग्रीस भरल्यावर तो पुन्हा खालीवर होऊ लागला, पण मूळ दोष तसाच राहिला. स्प्रिंग ज्या जोराने दाबली जाते, जवळजवळ त्याच जोराने ती परत उसळते. त्या उसळीला आवर घालणारी तेलाची यंत्रणा, म्हणजे डॅम्पिंग, त्यात मुळातच नव्हती. वरच्या टोपणावर फिरवायचे जे बटन होते, ते फक्त स्प्रिंगवरचा ताण वाढवत असे.

मग घाई झाली. कोणीतरी काढून टाकलेला हवेवर चालणारा शॉकअप सहा हजारांत मिळाला म्हणून मी तो न मोजताच घेतला. चाक २७.५ इंची, ट्रॅव्हल म्हणजे दबण्याची लांबी १०० मिलिमीटर, ॲक्सल म्हणजे चाकाचा आस माझ्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) चालणारा ९ मिलिमीटरचा, खटक्याने सुटणारा क्विक रिलीज, वरची नळी नेमकी हवी तशी सरळ, २८.६ मिलिमीटरची. एवढे सगळे जुळत असताना जे पाहायचे राहिले ते म्हणजे त्या नळीची लांबी. ही नळी, म्हणजे स्टिअरर, फ्रेमच्या गळ्यातून वर जाते आणि हँडल धरणारा स्टेम तिलाच आवळलेला असतो. माझ्या सायकलचा गळा १२० मिलिमीटर, वरखालच्या बेअरिंगच्या कपांची, म्हणजे हेडसेटची, उंची २४ आणि स्टेम ४०, म्हणजे एकूण १८४. स्टेमवरचे टोपण आवळता यावे म्हणून नळी स्टेमच्या वरच्या कडेपासून तीन मिलिमीटर खाली थांबते, तेव्हा निदान १८१ तरी हवी होती. आधीच्या मालकाने ती १६६ वर कापलेली होती.

पंधरा मिलिमीटरसाठी सहा हजार कसे सोडायचे, म्हणून मी तो घेऊन उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. तिथल्या गल्ल्यांत कोणताही भाग बनवून मिळतो यावर प्रत्येक कोल्हापूरकराचा असतो तसा माझाही विश्वास आहे. त्याने नळी हातात फिरवली, नखाने टिचकी मारून ॲल्युमिनियम असल्याची खात्री केली आणि म्हणाला, "तुकडा जोडून देतो की, खरं त्या सायकलवर मी बसणार नाही." उष्णता देऊन कणखर केलेले ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळ मऊ पडते, आणि हँडलाचा सगळा भार नेमका तिथेच येतो. मी शॉकअप पिशवीत घातला आणि नंतर तो दीड हजाराच्या तोट्यात विकला.

दुसऱ्या वेळी नवा घेतला, १४ हजारांना. स्टिअरर खाली दीड इंच होत जाणारा टेपर्ड असेल तर तो माझ्या फ्रेमच्या सरळ गळ्यात शिरणार नाही, आणि १५ मिलिमीटरचा आरपार जाणारा थ्रू ॲक्सल असेल तर हबही बदलावा लागेल, म्हणून दोन्ही प्रकार बाजूला ठेवले. उंचीही मोजली: ॲक्सलपासून क्राउनपर्यंत, म्हणजे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथपर्यंत, जुना ४७० मिलिमीटर, नवा ४९०. वीस मिलिमीटरने सायकलचे तोंड उचलले जाते आणि गळ्याचा कोन साधारण एक अंशाने सपाट होतो, एवढे चालते. १३० किंवा १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा शॉकअप स्वस्तात मिळतो म्हणून असल्या फ्रेमला लावू नये, कारण वाढलेल्या लांबीची तरफ गळ्याजवळचे जोड उखडू पाहते.

बसवण्याचे काम एका रविवारी झाले. जुन्या शॉकअपच्या क्राउनवरची बेअरिंगची कडी हलक्या हाताने चारही बाजूंनी ठोकत काढली. नव्यावर ती बसवण्यासाठी त्याच लेथवाल्याने तोंड सरळ कापलेला पाइपचा तुकडा दिला होता. तो नळीवर ओवून वरून हातोडी मारल्यावर आधी टण टण आणि कडी तळाला टेकल्यावर ठक असा भरीव आवाज आला. स्टेमखाली दहा मिलिमीटरचा स्पेसर ठेवून नळी १९१ वर कापली. आधी टोपणाचा बोल्ट हेडसेटमधली ढिलाई जाईपर्यंत आणि मगच स्टेमचे बोल्ट आवळायचे, हा क्रम उलटला की हँडल कायम खडखडते.

हवा भरायला शॉकअपचा वेगळा छोटा पंप लागतो. आतली जागा इतकी लहान असते की मोजण्यासाठी पंप जोडला तरी काही हवा त्याच्या नळीत येते आणि काटा खाली दिसतो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसण्यात अर्थ नाही. माझे वजन ७८ किलो. पायावरचे रबरी कडे बघत, मी नुसता बसल्यावर १०० पैकी २० मिलिमीटर दबेल इतकी हवा ठेवली. उसळीचा वेग ठरवणारे रिबाउंडचे बटन किती फिरवायचे ते मात्र मसाई पठारावरच ठरले, तिसऱ्या फेरीनंतर. त्या दिवशी हँडल दगडावर दबत होते आणि उसळी न घेता सावकाश वर येत होते.

एवढ्या पैशांत सायकलच बदलायला हवी होती, असे घरात रोज ऐकवले जाते, आणि हिशेब म्हणून ते बरोबर आहे.

परवा पाइपचा तुकडा परत द्यायला गेलो तेव्हा लेथवाल्याने सायकल मागितली. गल्लीतल्या खड्ड्यांतून मुद्दाम दोन चकरा मारून तो उतरला, पुढचे चाक उचलून हाताने फिरवले आणि कान लावून म्हणाला, "शॉकअप झकास आहे, खरं डिस्क घासायला लागलीय."