बूड टेकण्याआधी

संध्याकाळी पावणेसातला मी घरात शिरते, पर्स खुंटीला अडकवते आणि बूट काढायला म्हणून सोफ्याच्या कडेला बसते. अगदी कडेला, चार बोटं जागेत. उठायचंय, कपडे बदलायचेत, अर्धा तास चालून यायचंय, हे सगळं त्या क्षणी मला शंभर टक्के मान्य असतं. उजव्या बुटाची नाडी सुटते. डाव्या बुटाच्या नाडीला सकाळच्या घाईत निरगाठ बसलेली असते. ती नखाने उकलता उकलता पाठ जराशी मागे टेकते, मग मान. मग फोन हातात येतो, कारण एवढी गाठ सोडवल्यावर पाच मिनिटं विसावा घ्यायला कुणाची हरकत असणार? पुढची आठवण थेट साडेआठची. डावा बूट पायातच.

असं मी वर्षानुवर्षं हरत आले. हरण्याचं कारण विचारलं तर एकच उत्तर तयार असायचं: नऊ तासांची नोकरी, वर येण्याजाण्याचे दोन तास, वेळ कुठे आहे? म्हणजे पावणेसात ते साडेआठ मी सोफ्यावर आडवी होते, तो वेळ नव्हताच. तो बहुधा ऑफिसचाच होता, फक्त माझ्या घरी घालवलेला.

पहाटेचा प्रयोग त्याआधीच करून झाला होता. पाचचा गजर, उशाशी मोजे, सगळं. पण रात्री साडेअकराला झोपून पाचला उठणं म्हणजे वेळ काढणं नव्हे, तो झोपेतून चोरणं. आणि चोरीचा माल दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये सापडतोच. जिमचे वर्षाचे पैसेही भरून झाले. माझ्यासारखी न येणारी माणसं नसती तर तिथे उभं राहायला जागा उरली नसती, एवढंच त्याबद्दल बोलते.

मग एकदा मी माझं ते 'दमले' जरा तपासायला घेतलं. सकाळपासून मी काय उचललं? लॅपटॉपची बॅग, दोनदा. किती चालले? फोन म्हणाला दोन हजार आणि वर काही पावलं, त्यातली बरीचशी प्रिंटरपर्यंतची. बाकी दिवसभर तक्त्यात आकडे भरले, ते जुळत नाहीत म्हणून परत भरले, आणि 'कृपया बघून कळवावे' छापाच्या ईमेलना 'बघून कळवते' अशी उत्तरं दिली. यात पाय कुठे आले? तरी संध्याकाळी शिसं भरलेले असतात ते पायच.

याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडलं. सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. माणसं होती अवघी सोळा. त्यांना एका दिवशी संगणकावर ९० मिनिटं डोकं पिळून काढणारं काम दिलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर सायकलवर बसवलं आणि सांगितलं, दमेपर्यंत मारा. डोकं पिळलेल्या दिवशी माणसं लवकर थांबली. गंमत अशी की हृदय, श्वास वगैरे जे जे मोजलं, त्यातून लवकर थांबण्याचं कारण काही सापडलं नाही. फरक होता तो फक्त वाटण्यात. तेच पायडल त्या दिवशी पहिल्यापासून जड वाटत होतं.

हे वाचून मला जरा फसवल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं पाय माझ्याविरुद्ध साक्ष देत होते आणि गुन्हा त्यांच्या नावावर नव्हताच! अर्थात वाटतं ते खोटं असतं असं नाही. जड वाटणारी पिशवी जडच असते, ती उचलायची आपल्याला असते, प्रयोग करणाऱ्यांना नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून मी ताडून पाहिली आहे. संध्याकाळी चालायला निघाल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं भयंकर असतात. ओढून नेल्यासारखी. मग कधीतरी खांदे खाली येतात, हात आपोआप हलायला लागतात, आणि ज्या आकड्यासाठी दुपारभर डोकं फोडलं तो कुठे चुकला होता ते अचानक दिसतं. परत येते तेव्हा जाताना होते त्यापेक्षा कमी दमलेली असते. रोज असंच होतं, आणि रोज निघताना माझा त्यावर विश्वास नसतो.

बसणं हाच मुळात आजार आहे का, हा प्रश्न माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एका माणसाला पडला होता. जेरेमी मॉरिस नावाचे डॉक्टर. त्यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी बघितले. एकाच बसमध्ये, एकाच धुरात दोन माणसं: चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा. वाहक दिवसाकाठी पाचशे-सहाशे पायऱ्या सहज चढायचे. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांडलं की वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांना स्वतःचीच शंका आली, की मुळात स्थूल माणसंच चालक होत असतील तर? मग त्यांनी काय केलं, तर गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पँटींच्या कमरेची मापं तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण चालकांच्यासुद्धा! म्हणजे शंका अगदीच फोल नव्हती. तेही त्यांनी १९५६ मध्ये छापून टाकलं. नंतरच्या कित्येक अभ्यासांनी मूळ मुद्दा उचलून धरला, पण कमरपट्ट्यांचे ते कागद चाळणारा माणूस माझ्या मनात घर करून आहे. मॉरिस स्वतः जवळजवळ शंभरीपर्यंत जगले. मी मात्र चालकाच्या सीटवर, बसशिवाय.

नोकरीची ही खुर्ची सोडून द्यायची म्हटलं तर घर कसं चालणार, तेव्हा प्रश्न उरला संध्याकाळचाच.

इथे माझ्या मैत्रिणीचं सांगायला हवं. ती नर्स आहे. तिच्या पाळ्या फिरत्या, कधी सकाळ, कधी रात्र. एकदा मी मोठ्या उत्साहाने तिला म्हटलं, "अगं, दमल्यावरच चालायचं असतं, मग बरं वाटतं."

"तू खुर्चीवर दमतेस," ती म्हणाली, "मी पायांवर दमते. मला चालायला लावशील तर मारीन."

बरोबर होतं तिचं. व्यायामाचा उपदेश बहुतेक वेळा बसणाऱ्यांनी बसणाऱ्यांना केलेला असतो आणि तो चुकून उभ्या माणसांच्या अंगावर जाऊन पडतो. तिला विचारलं, मग तू काय करतेस? तर म्हणाली, "ड्युटीच्या दिवशी झोपते. सुटीचे दोन दिवस पोहायला जाते, तास-तास, सव्वा-सव्वा तास. आठवड्याला दीडशे मिनिटं म्हणतात ना? त्याला सातानं भागा असं कुणी सांगितलंय?"

खरंच कुणी सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हटलंय, किंवा त्याच्या निम्मा जोराचा, आणि शिवाय दोन दिवस तरी स्नायूंना काम. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. आधी त्यात सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. आठवडाभराचं एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही बराचसा फायदा मिळतो, असं मोठमोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. रोज दहा हजार पावलांचं जे भूत आपल्या मानगुटीवर बसलंय, ते तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलं. यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं-मापक'! एक गोल आकडा, आणि आपण सगळे त्याचे कर्जदार.

या हिशेबाने मला वाटलं त्यापेक्षा जास्त सूट मिळाली. पण सोफा होता तिथेच होता.

शेवटी उपाय निघाला तो अगदीच पोरकट. चालायचे बूट आता ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात असतात. निघायच्या आधी तिथेच घालते. नाड्या तिथेच, नीट, दुहेरी फासात. घरी पोचले की बेल वाजवते आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. लेक दार उघडते, मी बॅग तिच्या हातात देते आणि तशीच मागे फिरते. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं मी काहीतरी विसरून आले. आता दार उघडतानाच विचारते, "आई, आत येतेयस की जातेयस?" या प्रश्नाला 'आत' म्हणणं दिसतं तितकं सोपं नाही, विशेषतः चौदा वर्षांची मुलगी भुवया उंचावून बघत असताना.

घरात न शिरणं हाच माझा व्यायाम. पुढचं चालणं आपोआप होतं.

ताकदीचे दोन दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. पहिल्या रविवारी जोशात साठ उठाबशा काढल्या. त्याच दिवशी काही झालं नाही, म्हणून स्वतःवर खूश होते. सोमवारी जरा कुरकुर. मंगळवारी सकाळी ऑफिसचा जिना मी खेकड्यासारखी आडवी उतरले, दोन्ही हातांनी कठडा धरून, आणि खालून येणारा प्रत्येक जण "काय झालं मॅडम?" विचारत होता. चढताना काही नाही, सगळा जाच उतरताना. हे दुखणं असंच असतं म्हणे, एक ते तीन दिवसांत कळस गाठतं. लोक त्याला लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं म्हणतात, पण ते तर व्यायामानंतर तासाभरात निचरून गेलेलं असतं. स्नायूंना सवय नसलेल्या ताणाने बारीक इजा होते, त्याचं हे दुखणं. आता मी दहावर आले आहे, खुर्चीवर टेकून उठायच्या. होय, त्याच खुर्चीवर. टेकायचं, पण लगेच उठायचं.

नव्याचे नऊ दिवस हे आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. एकवीस दिवसांत सवय लागते हेही कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगत असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी प्रत्यक्ष माणसांवर पाहिलं, त्यांचा निष्कर्ष २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मी दुसऱ्या टोकाची असणार याबद्दल मला शंका नाही. पण त्यातलंच आणखी एक निरीक्षण मी जपून ठेवलंय: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आधी मी एक दिवस चुकला की 'आता सोमवारपासून' म्हणायची, आणि तो सोमवार पुढच्या वर्षी यायचा.

त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी आता फक्त टिंबं देते. अर्धा तास झाला तर टिंब. चार मिनिटांत पाऊस आला म्हणून परत फिरले तरी टिंब, तेवढंच मोठं. नवऱ्याने एकदा विचारलं, "हे लबाडीचं नाही का?" मी म्हटलं, दहा मिनिटांची अट काढलीय. त्याला काही कळलं नाही.

गुरुवारच्या चौकटी मात्र सगळ्या कोऱ्या आहेत. गुरुवारी आमची आठवड्याची आढावा बैठक असते, ती साडेसहाला संपते असं कागदावर लिहिलेलं असतं आणि आठला संपते. सुरुवातीला मी गुरुवारशी भांडले, मग सोडून दिला. त्या दिवशी बूट खणातच राहतात.

परवाच्या गुरुवारी बैठक ऐनवेळी रद्द झाली. सहाला मी दारात. बाहेर लख्ख उजेड, वारा छान सुटलेला, डोकं रिकामं, पाय हलके. लेकीने दार उघडलं, माझ्या पायातल्या ऑफिसच्या चपलांकडे बघितलं, मग बाहेर बघितलं. "आज तर जाऊ शकतेस," ती म्हणाली.

मी बॅग खुंटीला अडकवली, सोफ्यावर मधोमध बसले आणि दोन्ही पाय वर घेतले. गुरुवार होता.