आतला लूप, बाहेरचा लूप

प्रोग्रॅमिंग शिकायला आलेल्या मुलांना सुरुवातीच्या महिन्यात जे जे करायला लावतात, त्यात सगळ्यात बिनकामाची दिसणारी गोष्ट म्हणजे स्टारचे पॅटर्न. पडद्यावर पाच ओळी. पहिलीत एक स्टार, दुसरीत दोन, असं करत पाचवीत पाच. "मॅडम, हे छापून करायचं काय?" हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे. बँकेचं, दवाखान्याचं किंवा साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर लिहिताना स्टारचा त्रिकोण कुणी मागत नाही. मुलाखतीत विचारतात म्हणून आमची सोलापूरची पोरं तो पाठ करतात आणि पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पुन्हा एकदा वहीवरून बोट फिरवतात. पाठ केलेला पॅटर्न मला अजिबात आवडत नाही. चुकलेला आवडतो.

कारण यात चूक डोळ्यांना दिसते. बेरजेच्या प्रोग्रॅममध्ये 47 च्या जागी 46 आलं तर त्या 46 कडे कितीही टक लावून बघा, ते तोंड उघडत नाही. पॅटर्न चुकला की चुकीला आकार येतो, आणि आकार वाचता येतो.

इथे एकात एक असे दोन लूप असतात. लूप म्हणजे तीच सूचना ठरलेल्या वेळा पुन्हा पुन्हा करून घेणारी फेरी. बाहेरचा ओळी मोजतो, आतला त्या ओळीतले स्टार. आतला पुरता फिरून आला की बाहेरचा एक घर पुढे सरकतो, आणि आतल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. "आता नव्या ओळीवर जा" ही सूचना आतला लूप संपल्यावर, पण बाहेरचा संपायच्या आधी द्यायची असते. एवढ्याशा फटीत निम्मा वर्ग अडकतो. सूचना आतल्या लूपमध्ये शिरली तर पंधराच्या पंधरा स्टार एकाखाली एक उभे राहतात. द्यायची विसरली तर सगळे एकाच ओळीत दाटीवाटीने बसतात. मग शेजारच्या खुर्चीवरून "काय करालाय बे?" अशी विचारपूस होते.

सोलापुरात राहून विणकामाचा दाखला न देणं मला बरीच वर्षं जमलं होतं. चादरीचं कौतुक ऐकून ऐकून आम्हा इथल्या लोकांचे कान किटलेले असतात. पण पूर्व भागातला एक मुलगा माझ्याकडे येऊ लागला. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, माझ्याकडे प्रोग्रॅमिंगची सी. वडील यंत्रमागावर. वर्गात दुसऱ्याचा बिघडलेला त्रिकोण बघून हा जागेवरूनच कुठला लूप चुकलाय ते सांगायचा. कसं कळतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, कापडात उभी रेघ दिसली की ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटलेली असते, आडवी पट्टी दिसली की बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं काहीतरी, त्याची कांडी संपली असेल. तसंच हे.

खरंच तसंच आहे. दर ओळीत एक स्टार जास्त असेल तर आतल्या लूपची अट तपासायची. सगळ्या ओळी नीट आणि शेवटची तेवढी गायब असेल तर बाहेरच्या लूपमध्ये 'पेक्षा लहान किंवा समान'मधलं 'समान' राहून गेलेलं असतं. वर एक ओळ कोरी आली तर मोजणी शून्यापासून सुरू झाली असणार. त्या दिवसापासून कॉम्प्युटरकडून तपासून घेण्याआधी मी मुलांना पडद्याकडे बघून निदान करायला लावते.

माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं तसं जुनंच. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जाकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तिथली तार वर उचलायची, नसेल तिथली खालीच ठेवायची. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात हे पुठ्ठे घेतले, आणि 1843 मध्ये एडा लव्हलेसने लिहून ठेवलं की जाकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. फरक एवढाच की मागाला आतला लूप लागत नाही. पुठ्ठा समोर आला की त्या ओळीच्या साऱ्या तारा एकदम आपापल्या जागी जातात. आमचा कॉम्प्युटर बिचारा एकेक स्टार ठेवत बसतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची दुसरी भाषा शिकलेली मुलं मात्र मागासारखी वागतात. स्टारला थेट पाचने गुणलं की पाच स्टार मिळतात, आतला लूप कुठे दिसतच नाही. तो सुरुवातीला तरी लिहिलाच पाहिजे, असा माझा हट्ट आहे. मुलांना तो म्हातारपणाचं लक्षण वाटतो.

खरी गंमत पिरॅमिडला येते. त्रिकोण मधोमध उभा करायचा, तर स्टारच्या आधी मोकळ्या जागा छापाव्या लागतात. पाच ओळींच्या पिरॅमिडला पहिल्या ओळीत चार जागा आणि एक स्टार, दुसरीत तीन जागा आणि तीन स्टार, आणि शेवटी एकही जागा न सोडता नऊ स्टार. जे दिसत नाही तेही छापावं लागतं, हे पचायला मुलांना वेळ लागतो. स्टारचा हिशेब चोख असतो आणि जागांचा लूप लिहिलेलाच नसतो. मग पिरॅमिड डावीकडच्या भिंतीला टेकून बसतो. एकदा जमला की मी त्यातले स्टार मोजायला सांगते. एक, तीन, पाच, सात, नऊ मिळून 25, म्हणजे पाच बाय पाचच्या चौकोनात असतात तेवढेच. विषम संख्यांची बेरीज वर्ग होते हे शाळेत सूत्र म्हणून येऊन गेलेलं असतं, पण ते स्वतः छापलेलं बघून एखादी मुलगी "अरेच्चा!" म्हणते, तेव्हा मला फीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तिचे नव्हे, माझे.

गृहपाठ म्हणून हाच पिरॅमिड कुणी व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवला की तो वाकडा होऊन येतो. तिथल्या अक्षरात मोकळी जागा स्टारपेक्षा अरुंद असते. त्यामुळे फोटोच पाठवा, असं सांगून ठेवलंय.

यंदाच्या बॅचने स्टारला कंटाळून 'सोलापूर' घेतलं. पहिल्या ओळीत एक अक्षर, दुसरीत दोन, अशा हिशेबाने चार ओळींत गाव संपायला हवं. आल्या सात. स, सो, सोल, सोला, सोलाप, सोलापू, सोलापूर. कॉम्प्युटर काना, मात्रा, ऊकार हे सगळं वेगवेगळं मोजतो, त्यामुळे आपली चार अक्षरं त्याच्या लेखी सात होतात. वर्गात हशा पिकला, आणि 'सोला'पाशी कुणीतरी सोळाचं हिंदी काढलंच. तो पूर्व भागातला मुलगा मात्र गंभीर. अक्षराबरोबर त्याचा काना-मात्राही उचलायचा, म्हणजे ओळ मधेच तुटणार नाही, असं त्याने ठरवलं आणि तेवढी अट घालून चार ओळी आणूनही दाखवल्या.

मागच्या बाकावरून लगेच फर्माईश झाली, "आता सिद्धेश्वर घे." त्याने घेतलं. आधी जुन्याच पद्धतीने, अट न घालता. दहा ओळी आल्या, आणि त्यातल्या दोन ओळींच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला.